आखडलेल्या स्नायूंवर हात कसा ठेवावा: खेळाडूंच्या मालिशची सविस्तर पद्धत

“अजून जोरात दाबा.” मालिशच्या टेबलाजवळ हे वाक्य मी रोज ऐकतो. शिकत होतो त्या पहिल्या वर्षी मी ते तंतोतंत पाळायचो. एका धावपटूच्या मांडीच्या मागे मी कोपराने इतका जोर दिला की दुसऱ्या दिवशी तिथे तळहाताएवढा काळानिळा डाग उमटला. ज्या आखडलेपणासाठी तो आला होता, तो तिसऱ्या दिवशी जसाच्या तसा परत आला. त्याने तक्रार केली नाही. दुखलं म्हणजे काम झालं, असं त्यालाही वाटत होतं आणि मलाही. तो डाग मात्र माझ्या मनातून गेला नाही. आज मी त्या दिवसाच्या निम्म्याहून कमी जोर लावतो, दुप्पट वेळ थांबतो आणि माणूस टेबलावरून उतरल्यावर त्याला हालचाल करायला लावतो. ही पद्धत पायरीपायरीने सांगतो. घरी जोडीदाराला, संघातल्या सहकाऱ्याला किंवा स्वतःला मालिश करणाऱ्यांना ती वापरता येईल.

दाबल्यावर आत काय होतं

मालिशबद्दल तीन समजुती घट्ट बसल्या आहेत: हाताने गाठ फुटते, लॅक्टिक ॲसिड निघून जातं आणि साचलेली घाण रक्तात येते, म्हणून नंतर भरपूर पाणी प्यायचं. तिन्ही चुकीच्या आहेत, आणि त्यांच्यामुळेच हात नको तितका जड होतो.

लॅक्टिक ॲसिडचं आधी बघू. जोराचा व्यायाम संपल्यावर रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप) साधारण तासाभरात आपोआप मूळ पातळीवर येतं. शांत बसण्यापेक्षा हळू चालण्याने किंवा धावण्याने ते आणखी लवकर उतरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं तेव्हा लॅक्टेटचा मागमूसही नसतो. ते दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचं आणि त्यामागून येणाऱ्या दाहाचं असतं. उतारावर धावणं, उडी मारून उतरणं, वजन सावकाश खाली सोडणं, म्हणजे स्नायू लांबत असताना जोर लावणं, यानंतर ते जास्त जाणवतं. २४ ते ७२ तासांत ते शिगेला पोचतं आणि मग उतरतं.

आता गाठ फोडण्याचं. मांडीच्या बाहेरच्या अंगाला असलेलं जाड आवरण आणि तळपायाचा चिवट पट्टा यांना हाताने किती वाकवता येईल, याचं गणित २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलं होतं. नुसता १ टक्का फरक पाडायलाही माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचं बल लागतं, असं त्यातून निघालं. तरीही बोटाखाली काहीतरी सैल झाल्याचं आपल्याला जाणवतं, आणि ती जाणीव खोटी नसते. सैल होतो तो स्नायूचा ताण, आणि तो सैल करण्याचा हुकूम मज्जासंस्थेकडून येतो. त्वचेत, आवरणात आणि स्नायूत दाब व ओढ टिपणारी संवेदनाग्रं असतात. त्यांना संथ, टिकून राहणारा, अंदाज येईल असा स्पर्श मिळाला की मेंदू पहारा ढिला करतो. त्या भागाची ओढ सोसण्याची मर्यादा वाढते आणि सांधा थोडा जास्त वळतो. अचानक दुखवलं तर हाच पहारा आणखी कडक होतो. माझ्या धावपटूच्या बाबतीत तेच झालं होतं.

मालिशकडून किती अपेक्षा ठेवायची याचा अंदाज दोन अभ्यासांवरून येतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ साली ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून त्यांच्या एकाच मांडीला १० मिनिटं मालिश केलं आणि दोन्ही मांड्यांमधल्या स्नायूंचे नमुने तपासले. मालिश केलेल्या मांडीत दाहाच्या खुणा कमी होत्या आणि पेशींमधली ऊर्जाकेंद्रं वाढवणाऱ्या प्रक्रियेला चालना मिळाली होती. लॅक्टेटमध्ये मात्र काही फरक नव्हता. दुसरा अभ्यास २०२० साली आला. त्यात २९ चाचण्यांमधल्या १०१२ जणांची माहिती एकत्र पाहिली होती. मालिशने वेग, ताकद, उडी किंवा दम वाढतो असा पुरावा मिळाला नाही. लवचीकपणात थोडी वाढ आणि अंग आंबण्यात थोडी घट दिसली. माझा अनुभवही असाच आहे. माणूस हलका होतो, नीट झोपतो, दुसऱ्या दिवशी पाऊल मोकळं पडतं. कोणी मालिशमुळे जास्त वेगाने धावेल, असं वचन मी देत नाही.

आधी शब्द ऐका

हात लावण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: “नेमकं काय होतंय, तुमच्याच शब्दांत सांगा.” आपल्या भाषेत स्नायूंच्या दुखण्याला इतके वेगवेगळे शब्द आहेत की निम्मं निदान तिथेच होतं.

“पाय भरून आलेत” म्हणणाऱ्याला थकवा आहे. त्याला लांब, हलके, वरच्या दिशेचे हात पुरतात. “अंग आंबलंय” म्हणजे सूक्ष्म इजा आणि दाह. तिथे खोल दाब दिला तर दुखणं वाढतं, म्हणून हलकं मालिश आणि हलकी हालचाल. “पोटरीत गोळा आलाय” म्हणजे पेटका. त्याला मालिश नंतर, आधी ताण: गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं नडगीकडे ओढून धरायची, गोळा सुटेपर्यंत. “मान आखडली”, “पाठ धरली”, “खांदा जड झालाय” या तक्रारींवर पुढे दिलेली पद्धत सगळ्यात चांगली लागू पडते.

“लचकली”, “कट्‌कन आवाज आला”, “कोणीतरी मागून मारल्यासारखं वाटलं” असं ऐकलं की मी हात मागे घेतो. तंतू फाटल्याची ती भाषा आहे. “मुंग्या येतात”, “करंट गेल्यासारखं होतं”, “कळ खालपर्यंत जाते” हे शब्द शिरांचे, म्हणजे मज्जातंतूंचे. स्नायू दाबून ते बरं होत नाही.

हात लावायचा नाही तेव्हा

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी पूर्ण वाचा. चुकीच्या दिवशी, चुकीच्या पायावर केलेलं मालिश जिवावर बेतू शकतं.

पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली तर ती बऱ्याचदा साध्या आखडलेपणासारखीच दुखते. फरक असा की सहसा एकच पाय सुजतो, गरम लागतो, कधी लालसर दिसतो, आणि व्यायामाशी त्या दुखण्याचा नीट संबंध लागत नाही. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, पाय प्लास्टरमध्ये असेल, खूप तास बसून प्रवास झाला असेल, तर संशय आणखी बळावतो. असा पाय चोळला तर गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. म्हणून एक पाय जाड दिसला की मी दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजतो. फरक स्पष्ट असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवतो. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर क्षणभरही न थांबता तातडीच्या विभागात न्यायला हवं.

मांडीवर लाथ, गुडघा किंवा चेंडू जोरात बसून आत रक्त साकळलं असेल तर तो भाग चोळायचा नाही. घाईने रगडल्यामुळे त्या साकळलेल्या जागी स्नायूतच हाड तयार होण्याचा धोका वाढतो आणि खेळाडू कित्येक महिने मैदानाबाहेर जातो. ताज्या लचकीवर आणि मुरगळण्यावरही पहिले २ ते ३ दिवस मालिश नको.

सवय नसताना अतोनात व्यायाम केल्यावर स्नायू सुजून कडक झाले आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर स्नायू विरघळून मूत्रपिंडावर भार पडत असण्याची शक्यता असते. मालिश बाजूला ठेवून थेट रुग्णालयात जा. नडगीच्या हाडावर एकाच बोटाएवढ्या जागी दुखत असेल, पाऊल आपटल्यावर तिथेच कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, फुगलेल्या वेड्यावाकड्या शिरा यांवर हात नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भारपण, कर्करोगाचे उपचार, बधिरता आणणारा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शरीराच्या काही जागा निरोगी माणसातही सोडून द्यायच्या: गुडघ्याच्या मागचा खळगा, जांघेची घडी, काख, मानेची पुढची बाजू आणि शेवटच्या बरगड्यांखाली पाठीचा मऊ भाग. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या, मज्जातंतू किंवा नाजूक अवयव पृष्ठभागाजवळ असतात.

तयारी

टेबल नसेल तर जमिनीवर जाड सतरंजी चालते. पलंगाची मऊ गादी नको. दाब गादीत जातो आणि करणाऱ्याची पाठ वाकते. पालथं झोपवल्यावर घोट्यांखाली गुंडाळलेला टॉवेल, उताणं झोपवल्यावर गुडघ्यांखाली उशी. सांधा थोडा दुमडलेला असला की स्नायू आधीच सैल पडतो. खोली उबदार हवी, नखं कापलेली हवीत, अंगठ्या काढलेल्या हव्यात.

तेल किंवा क्रीम फार कमी घ्या. एका पोटरीला चहाच्या अर्ध्या चमच्याहून जास्त लागत नाही. हात घसरायला लागला की स्नायूवर पकड राहत नाही. कशाची ॲलर्जी आहे का हे आधी विचारा.

ज्या भागावर काम करायचं तेवढाच उघडा ठेवा, बाकी अंग चादरीखाली. कुठे हात लावणार आहात ते आधी सांगा आणि होकार घ्या. मधेच नको म्हटलं तर कारण न विचारता थांबा. अल्पवयीन खेळाडू असेल तर पालक किंवा प्रशिक्षक खोलीत हवेत.

मग दाबाची मोजपट्टी ठरवा. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे असह्य. आपण ५ ते ६ च्या आसपास राहायचं, “दुखतंय पण बरं वाटतंय” तिथे. तोंडाने कोणी ४ म्हटलं तरी श्वास रोखला असेल, पायाची बोटं आवळली असतील किंवा मूठ वळली असेल तर खरा आकडा ८ आहे. अशा वेळी मी शरीरावर विश्वास ठेवतो.

जोर अंगठ्यातून काढू नका. मी पहिली दोन वर्षं अंगठ्यांवर काम केलं आणि मग बाटलीचं झाकण उघडताना कळ यायला लागली. पाय मागे-पुढे ठेवून उभं राहा, कोपर सरळ ठेवा आणि अंगाचा भार पुढे झुकवा. तळहाताचा गादीसारखा भाग, मुठीचा सपाट भाग आणि कोपराखालचा हात ही मोठी हत्यारं. अंगठा फक्त शोधण्यासाठी.

पोटरी: पहिल्यापासून शेवटपर्यंत

एक भाग नीट शिकलात की बाकीचे त्यावरून जमतात. शिकवताना मी नेहमी पोटरीपासून सुरुवात करतो, कारण तिची चाचणी सोपी आहे आणि फरक मोजता येतो.

पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत. वरचा, दोन फुगवट्यांचा, गुडघ्याच्या वरून निघतो. त्याच्याखाली दुसरा, रुंद आणि चपटा, गुडघ्याच्या खालून निघतो. दोघे मिळून टाचेच्या जाड कंडरेत, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत, उतरतात. गुडघा वाकवला की वरचा स्नायू सैल पडतो आणि खालच्यापर्यंत हात पोचतो. एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या पायऱ्यांचं कारण कळेल.

पायरी १. चाचणी. भिंतीसमोर पाऊल ठेवायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. पाऊल हळूहळू मागे नेत जा. टाच उचलली जाण्याच्या आधी अंगठा भिंतीपासून किती सेंटिमीटरवर होता ते लिहून ठेवा. दुसऱ्या पायाचंही मोजा.

पायरी २. पालथं झोपवून दोन्ही तळहात पोटरीवर नुसते ठेवा. ३-४ श्वास काही करू नका. नवीन माणसाला ही पायरी वाया गेल्यासारखी वाटते. पण हाताची ऊब पोचते, स्नायू कुठे कडक आहे ते कळतं आणि समोरच्याला तुमच्या हाताचा अंदाज येतो.

पायरी ३. टाचेपासून वर गुडघ्याखालपर्यंत लांब हात फिरवा. एका फेरीला ५ सेकंद तरी लागू द्या. ८ ते १० फेऱ्या. जोर वर जाताना, परत येताना हात नुसता तरंगत यावा. पायातल्या शिरांच्या झडपा रक्ताला हृदयाकडेच जाऊ देतात, त्या दिशेने गेलेलं बरं. गुडघ्याच्या खळग्याआधी जोर सोडून द्या.

पायरी ४. आता मळणं. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला, स्नायू हाडापासून किंचित उचलायचा, पिळायचा, सोडायचा. एक हात सोडतो तेव्हा दुसरा पकडतो. २ ते ३ मिनिटं. (लांब हात, मळणं, थोपटणं, घासणं या क्रियांची फ्रेंच नावं जगभर वापरली जातात. त्यांचं श्रेय स्वीडनचे व्यायामशिक्षक पेर हेन्रिक लिंग यांना दिलं जातं, पण ती नावं रूढ केली ती १९व्या शतकातले डच डॉक्टर योहान मेत्सगर आणि त्यांच्या शिष्यांनी.)

पायरी ५. शोध. अंगठ्याच्या पोटाने आतल्या फुगवट्यावरून सावकाश उतरा, मग बाहेरच्या. ताणलेल्या दोरीसारखा पट्टा किंवा आजूबाजूपेक्षा जास्त हुळहुळी जागा लागली की थांबा. दाब हळूहळू वाढवून ६ वर आणा आणि तिथेच धरा. चोळू नका. समोरच्याला सावकाश श्वास सोडायला सांगा. ३० ते ६० सेकंदांत तो म्हणेल, “आता कमी वाटतंय.” दाब तेवढाच असतो, जाणवणं उतरतं. ३ वर आलं की सोडा. दीड मिनिटात काहीच फरक पडला नाही तर ती जागा सोडून पुढे जा. एका बैठकीत अशा ३-४ जागा पुरे. दहा जागा दाबल्या की दुसऱ्या दिवशी चालणं अवघड होतं.

पायरी ६. गुडघा वाकवून नडगी तुमच्या मांडीवर किंवा खांद्यावर टेकवा. पोटरी आता लोंबत्या कापडासारखी सैल असेल. दोन्ही हातांची बोटं मागून बाजूंनी आत घाला आणि खालच्या स्नायूवर हलका दाब द्या. लांब पल्ल्याच्या धावपटूंचं दुखणं मला बहुतेक वेळा इथे सापडतं, आणि बहुतेक जण इथपर्यंत पोचतच नाहीत. पोटरीच्या वरच्या भागावर कितीही मेहनत घेतली तरी “आत खोल काहीतरी राहिलंय” असं ते म्हणत राहतात.

पायरी ७. धरा आणि हलवा. पाय परत सरळ करा. हुळहुळ्या जागेवर तळहाताने मध्यम दाब ठेवून समोरच्याला पाऊल नडगीकडे ओढायला आणि सोडायला सांगा. ५-६ वेळा, संथपणे. नुसत्या दाबापेक्षा हे मला जास्त परिणामकारक वाटतं, कारण हालचाल तो स्वतः करत असतो आणि ती सुरक्षित असल्याचं त्याच्या मेंदूला तिथल्या तिथे कळतं.

पायरी ८. जोर लावा आणि सोडा. पाऊल ओढीच्या हद्दीपर्यंत आणा. तुमच्या तळहाताविरुद्ध त्याने पाऊल खाली दाबायचं, पूर्ण ताकदीच्या पाचव्या हिश्श्याने, ६ ते ८ सेकंद. मग श्वास सोडत सैल. पाऊल आपोआप थोडं पुढे येईल. नवीन हद्दीवर १५ सेकंद थांबा. असं तीनदा.

पायरी ९. परत ४-५ लांब हात, तेल पुसा, उभं करा आणि भिंतीची चाचणी पुन्हा घ्या. एक-दोन सेंटिमीटर वाढले तर हात योग्य जागी पडला. काहीच फरक नसेल तर अडचण स्नायूत नसून घोट्याच्या सांध्यात असू शकते. एका पायाला १२ ते १५ मिनिटं लागतात.

मांडीची मागची बाजू

पद्धत तीच, पण आधी एक तपासणी करा. उताणं झोपवून सरळ पाय वर उचला, मागे ओढ जाणवली की तिथेच धरा. आता समोरच्याला फक्त हनुवटी छातीला लावायला सांगा. मान वाकवल्याने मांडीचा स्नायू लांबत नाही. तरीही ओढ वाढली तर ती ओढ मज्जातंतूची संवेदनशीलता दाखवते. अशा माणसाची मांडी वर्षभर ताणली आणि दाबली तरी आखडलेपणा जात नाही. त्याला कंबर आणि मज्जातंतू तपासून घ्यायला पाठवा.

स्नायूचंच काम असेल तर गुडघ्याच्या वरपासून सुरुवात करून बसायच्या हाडापर्यंत जा. मधोमध खोलवर जाड मज्जातंतू उतरतो, म्हणून कोपर टोचू नका. कोपराखालच्या हाताची सपाट बाजू वापरा. मुंग्या आल्या की लगेच जागा बदला. बसायच्या हाडापाशीच दुखत असेल, खुर्चीत बसल्यावर वाढत असेल, तर तिथे दाबणं आणि खूप ताणणं दोन्ही टाळा. तिथल्या कंडरेला हळूहळू वाढवत नेलेला ताकदीचा व्यायाम लागतो.

बाहेरची मांडी आणि नितंब

मांडीच्या बाहेरच्या पट्ट्यावर (वर ज्याला जाड आवरण म्हटलं) रोलर, म्हणजे अंगाखाली फिरवायचा फोमचा दंडगोल, घेऊन डोळ्यांत पाणी आणणारे खूप खेळाडू पाहिले. तो पट्टा हाताने किंवा रोलरने सैल होत नाही, हे वर आलंच आहे. त्याला वरून ओढणारे स्नायू मात्र सैल होतात. एक, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाखाली खिशाच्या जागेवर. दुसरे, नितंबाचे वरचे आणि बाजूचे स्नायू. कुशीवर झोपवून दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवा आणि मुठीचा सपाट भाग हाडाच्या कडेखालून मागे सरकवत न्या. कडक जागेवर थांबून त्याला गुडघा थोडा उघडायला-मिटायला सांगा. नितंबाच्या मध्यभागी खोल दाबताना पायात कळ उतरली तर बाजूला सरका.

मान आणि खांदे

खुर्चीत बसवा, पुढच्या टेबलावर हात आणि हातांवर कपाळ. मान आणि खांद्याच्या मधला जाड स्नायू अंगठा आणि बोटांच्या चिमटीत उचलून धरा, ३० सेकंद, मग अर्धा इंच सरका. खांद्याच्या पात्याचा वरचा आतला कोपरा शोधा. मानेतून उतरणारा एक स्नायू तिथे जोडलेला असतो, आणि मान आखडलेल्या बहुतेकांचं बोट स्वतःच तिथे जातं. तिथे दाब धरून डोकं हळूच विरुद्ध काखेकडे झुकवायला सांगा. ४-५ वेळा पुरे. मान पिळून कट्‌कन आवाज काढायचा प्रयत्न कधीही करू नका. चक्कर, दुहेरी दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, किंवा पूर्वी कधी नव्हतं असं डोकं-मान दुखणं यांपैकी काही असेल तर ताबडतोब डॉक्टर.

पाठीला मणक्यांवर दाब नाही, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर. कंबरेकडून वर, सपाट हाताने.

एकटे असाल तेव्हा

टेनिस बॉल नितंबाला, तळपायाला आणि पाठीला (भिंतीला टेकून) पुरतो. तळपायाला बसून सुरुवात करा, उभं राहून एकदम भार नको. फोम रोलरवर एका स्नायूला १ ते २ मिनिटं, सेकंदाला २-३ सेंटिमीटर या गतीने. रोलरने काही मिनिटं हालचाल वाढते आणि ताकद घटत नाही, म्हणून व्यायामाआधी तो चालतो. मसाज गन (स्नायूवर भराभर ठोके देणारं हातातलं यंत्र) सगळ्यात कमी वेगावर, तिचं डोकं स्नायूवर तरंगत ठेवून, एका जागी दोन मिनिटांपेक्षा कमी. हाड, मान आणि वर सांगितलेल्या वर्ज्य जागा तिलाही वर्ज्य.

स्पर्धेच्या आगेमागे

स्पर्धेआधीच्या २ दिवसांत खोल मालिश नको. स्नायू हुळहुळे राहतात, आणि धावताना पाय आपले वाटत नाहीत अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. स्पर्धेच्या दिवशी हवंच असेल तर ५ ते १० मिनिटं, हलकं आणि जलद, कपड्यांवरून, आणि त्यानंतर नेहमीचा वॉर्म-अप पूर्ण. वॉर्म-अपच्या ऐवजी मालिश चालत नाही. स्पर्धा संपल्यावर आधी चालणं, पाणी, कोरडे कपडे. मग पायरी २ आणि ३ एवढ्याच. खोल काम अंग आंबणं उतरल्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. सरावाच्या जड काळात आठवड्या-दोन आठवड्यांनी एक बैठक मला पुरेशी वाटते. पहिल्यांदाच मालिश घेणाऱ्याला स्पर्धेच्या आठवड्यात अजिबात घेऊ नका, त्याचं शरीर कसं वागेल ते कोणालाच माहीत नसतं.

टेबलावरून उतरल्यावर

मिळालेला मोकळेपणा तासाभरात ओसरायला लागतो. त्या वेळात हालचाल झाली तर तो टिकण्याची शक्यता वाढते. पोटरीनंतर मी ५ मिनिटं चालायला लावतो आणि मग जिन्याच्या पायरीच्या कडेवर टाचा सावकाश उचलणं-उतरवणं, ८ ते १० वेळा, उतरताना ३ सेकंद. मांडीनंतर पूल, म्हणजे उताणं झोपून कंबर उचलणं. मान आणि खांद्यानंतर हलक्या वजनाने खांदे उचलणं आणि मागे ओढणं.

दुसऱ्या दिवशी थोडं हुळहुळं वाटणं ठीक. डाग पडला, दोन दिवसांपेक्षा जास्त दुखलं किंवा चालणं बिघडलं तर पुढच्या वेळी निम्मा जोर. एक छोटी वही ठेवा: तारीख, कुठली जागा, चाचणीचा आधीचा आणि नंतरचा आकडा, दुसऱ्या दिवशी कसं होतं. त्या आठवड्यात झोप किती झाली आणि सराव किती वाढवला तेही लिहा. वारंवार आखडणाऱ्या स्नायूचं कारण मला बऱ्याचदा या शेवटच्या दोन रकान्यांत सापडलंय.

तीन बैठकांनंतरही तीच जागा तशीच परत येत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, किंवा पायाची-हाताची ताकद कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर मालिश थांबवा. ती वही घेऊन फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टरकडे जा. कुठे, कधी आणि कशाने वाढतं हे त्यात लिहिलेलं असेल, आणि पहिल्या भेटीत ते हेच विचारतात.